‘मी विदा’चा अर्थ
सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला की चाळीसेक वर्षांपूर्वीची गोराईची ती दुपार आठवते. सुरूच्या झाडांखाली मला आवडणारी एक मुलगी आणि मी बसलो होतो, वाळूवर उन्हाचे कवडसे हलत होते आणि माझ्या नव्या टेपरेकॉर्डरवर एक स्पॅनिश गायक डोळे मिटून गावं तसा गात होता. साकीनाक्याला घासाघीस करून निम्म्या किमतीत मिळवलेली कॅसेट होती ती. “काय म्हणतोय रे हा?” तिने विचारलं. मला ओ की ठो कळत नव्हतं, फक्त ‘मी विदा, मी विदा’ एवढं ऐकू येत होतं. मी ठोकून दिलं, “तो म्हणतो, मी विडा आहे. लग्नात नवरानवरी तोडतात ना, तसा अर्धा तू तोड.” ती लाजून वाळूत रेघा ओढू लागली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात शेजारी जाळं विणत बसलेला, बोटीवर नोकरी करून आलेला म्हातारा हसला. “विडा नाय रे. तो तिला ‘माझा जीव’ म्हनतंय.” ती माझ्याकडे वळली. “किती साधं आहे. तू म्हण ना एकदा.” दोनच शब्द होते, पण तिच्यासमोर खोटा पडलो म्हणून माझं डोकं फिरलं होतं. “माझाच अर्थ बरोबर आहे,” मी ओरडलो. तिने पुन्हा मागितलं नाही. चपला हातात घेऊन ती शांतपणे धक्क्याकडे चालू लागली. घासाघीस करताना समोरचा उठून निघाला की हाक मारायची असते, हे मला तेव्हाही चांगलं ठाऊक होतं. त्या म्हाताऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.