बक्षीस मिळालेली बाग

सरकारी फूटपाथ मी गिळला. एकटीनं, अठ्ठावीस फूट, आणि वर त्याबद्दल बक्षीसही घेतलं.

गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. गोकुलम वसाहतीत घर बांधून दोन वर्षं झाली होती. इथे दसऱ्याला घरच्या बागांची स्पर्धा असते. परीक्षक येणार म्हणून मला झोप लागेना. घरासमोर गटारावर फरश्या टाकून केलेला फूटपाथ होता. त्यावरून चालतं तरी कोण, असा मी विचार केला. कामवाली येते, ती काय रस्त्यावरूनही येईल. तेव्हाची मी, चाळिशीतली ती बाई, इतकी हुशार होती की तिला कोपरापासून हात जोडावेत. तिनं लोखंडी जाळी लावून फूटपाथ आत घेतला, माती भरली, क्रोटन लावले, जास्वंदी लावल्या आणि मधोमध सिमेंटचा बगळा उभा केला. दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं हुकलं म्हणून बाईसाहेब तीन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, जणू परीक्षक तेच होते.

पुढच्या दसऱ्याला शेजारणीनं जाळी लावली, मग तिच्या शेजारणीनं. होता होता कोपऱ्यावरच्या पार्कपर्यंत आमचं धरून अकरा घरं आणि अकरा जाळ्या झाल्या. चालणाऱ्यानं रस्त्यावरून चालायचं.

गेल्या वर्षी तो चालणारा आमच्याच घरातून बाहेर पडला. हे सकाळी पार्कला निघाले होते. वय ब्याऐंशी, उजव्या डोळ्यानं कमी दिसतं. मागून स्कूटर आली. मी धावत गेले तेव्हा हे माझीच जाळी धरून उठायला बघत होते. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास सपाट जागेवर चालवा. बसून राहिले तर पुन्हा उठायचे नाहीत." वॉकर घेऊन आम्ही दोनदा रस्त्यावर उतरलो. दोन्ही वेळा मागून हॉर्न, आणि गाडीवाल्यांच्या तोंडची भाषा. दुसऱ्यांदा यांनी वॉकर वळवला, घरात येऊन खुर्चीत बसले, ते बसलेच. पोटऱ्या दिवसागणिक वाळत चालल्या. रोज तेल लावताना माझ्या बोटांना कळायचं.

मी वेल्डरला बोलावून जाळी कापून घेतली. झाडं, माती उपसून काढली, बगळा माझ्या हातानं फोडला. मग दारोदार गेले. शेजारची सून भली आहे, तिनं कॉफी दिली.

"अज्जी, तुमची बाग बघूनच तर आमच्या सासूबाईंनी ही केली," ती म्हणाली. "आता त्या नाहीत. त्यांच्या हातचा चाफा मी कसा तोडू?"

"नको तोडू. थोडा छाट तरी."

"छाटून वॉकर जाईल का?"

जाणार नव्हता. मी कॉफी संपवली.

त्यापलीकडचे निवृत्त इंजिनियर गेटापाशीच भेटले. "स्वल्प ॲडजस्ट माडी, अज्जी," ते कानडीत म्हणाले, म्हणजे थोडं सांभाळून घ्या. " यजमानांना गाडीतून पार्कात सोडत चला."

"चालायला जायचं ते गाडीतून?"

"मग काय झालं? मी तसाच जातो."

बाकीच्या घरांतही हेच ऐकलं. शेवटी अर्ज लिहून महापालिकेच्या कचेरीत गेले. साहेबानं तो नीट वाचला, हे त्याचं मोठेपण.

"अज्जी, फूटपाथ आधी कुणी अडवला?"

"मी."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग पहिली नोटीस तुम्हालाच देऊ?"

"द्या. पण उरलेल्या दहांनाही द्या."

तो हसला, अर्ज ठेवून घेतला. तेव्हापासून चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला त्या खुर्चीत दुसरेच साहेब होते, आणि अर्ज त्यांना सापडेना.

गेल्या सोमवारी मी आमच्यापुरता फूटपाथ झाडला. हलणाऱ्या फरशीखाली चिपा बसवल्या. यांना हातापाया पडून उठवलं, खाली बसून पायांत बूट चढवले, नाड्या बांधल्या. हे चालले. शेजारणीच्या चाफ्यापर्यंत गेले, वळले. दुसऱ्या टोकाला फूटपाथ संपतो तिथपर्यंत आले, पुन्हा वळले. अशा तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी चाफ्यापाशी थांबले आणि त्याच्या फांद्यांतून पार्काच्या दिशेला बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, "अहो, आणखी एक फेरी. माझ्यासाठी."

ते वॉकरवर वाकून, अजिबात न रागावता म्हणाले, "अगं, एवढ्यातच फिरायचं असेल, तर उद्यापासून मला बूट घालू नकोस."