लोरेटामावशी कुणाच्या बाजूची?

आमच्या गावातले बेसबॉल संघ एकामागून एक बुडाले. आधी ऑटर्स, मग मिलर्स, आता कसेबसे तगलेत ते हॅमर्स. लोरेटामावशी मात्र या सगळ्यांची कट्टर चाहती. पाहुण्या संघाला ती अशा शिव्या घालते की पाद्रीबाबाही खुदकन हसतात.

तिच्या माडीवर राहणाऱ्या विल्किनला हॅमर्सनी संघातून काढलं, आणि काल तो पाहुण्यांकडून खेळायला आला. फटका बसला नाही तर तिथूनही नारळ मिळणार होता. शेवटच्या डावात त्याने चेंडू थेट कुंपणापार टोलवला. आमची आघाडी गेली! आणि तो चारही तळांची फेरी मारायला निघताच मावशी उभी राहून किंचाळली, "पळ रे माझ्या बाळा!"

अख्खं मैदान तिच्याकडे वळलं.

"लोरेटा, लाज सोडलीस?" शेजारी बसलेले अर्लकाका ओरडले.

"गप रे! उन्हाळाभर माझ्या हातचे पॅनकेक खाल्लेत त्याने. तुझ्या हॅमर्सच्या मालकाने खाल्लेत?"