वाटेवर ठेवलेली सॅक

कुणाची वस्तू पडलेली दिसली की माझ्या ताईचा हात आपोआप पुढे जातो. दोष तिचा नाही, कामाचा आहे. ती शाळेच्या बसमध्ये मुलांना सांभाळते. शेवटचं मूल उतरलं की मागच्या सीटपासून वाकत वाकत पुढे येते आणि बाटल्या, डबे, स्वेटर, एकदा तर नुसता डावा बूट, असं सगळं गोळा करते. सुटीच्या दिवशीही तिला चैन पडत नाही. एकदा बाजारात बाकावरची पिशवी उचलून ती मालकाला शोधत निघाली. मालक पलीकडे वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्यानं "चोर, चोर" असा आरडाओरडा केला, आणि मी ओळख न दाखवता समोरच्या दुकानात शिरले.

भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, लोकांचं घरसामान हलवतात. माणूस दाराएवढा रुंद. त्यांची एक पद्धत आहे. जिन्याचं वळण अवघड दिसलं की ओझं तिथंच टेकवायचं, रिकाम्या हातानं पुढे जाऊन वाट बघून यायची, आणि मग परत येऊन ओझं उचलायचं. घरातसुद्धा ते असंच करतात. बाजारातून आले की पिशव्या जिन्यात, स्वतः वर, आणि ताई आपली बडबडत पिशव्या आणायला खाली.

आता मुख्य गोष्ट. भाऊजींना मधुमेह आहे. गोळ्यांवर भागणारा नाही, तर प्रत्येक जेवणाआधी पोटात सुई टोचून घ्यावी लागते असा. सुई घेतली की लगेच खायचं. नाही खाल्लं तर साखर झपाट्यानं उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. हे तुम्हाला दोन मिनिटांत कळलं. मला, तिच्या सख्ख्या बहिणीला, कळायला कित्येक वर्षं गेली. आजारी माणसाच्या खांद्यावर आपलं कपाट कोण देईल, या भीतीनं भाऊजींनी हे सगळ्यांपासून लपवलं होतं आणि ताईलाही शपथ घातली होती. घरात ते न्हाणीघरात सुई घ्यायचे, कामावर ट्रकच्या आडोशाला.

शाळेला सुटी लागली तेव्हा भाऊजी म्हणाले, "आयुष्यभर लोकांचं सामान वाहिलं. एकदा आपलं वाहून बघू." डोंगरमाथ्यांवरून आठवडाभर चालायची एक वाट आहे, रोज संध्याकाळी मुक्कामाला एक घर लागतं. तिथं जायचं ठरलं. मलाही ओढलं. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर खुर्चीवर बसणारी बाई. चालण्याचा अनुभव म्हणजे दुकान ते घर. पण भाऊजी म्हणाले, "मेव्हणीबाई, तुम्ही नुसतं चाला. थकलात तर तुम्हाला कपाटासारखं उचलून नेतो." मग नाही कसं म्हणणार?

पहिल्या मुक्कामी तिथल्या काकूंनी सगळ्यांना बसवून वाटेचे नियम सांगितले. त्यातला एक असा, की कुणाला आडोशाला जायचं असेल तर सॅक वाटेच्या कडेला ठेवून जायची. वाटेवर सॅक दिसली म्हणजे माणूस जवळपासच आहे. तिला हात लावायचा नाही. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. ताईची मान सगळ्यांत जोरात हलली, हे मी शपथेवर सांगते.

पहिले दोन दिवस मी जन्माला का आले, याचाच विचार केला. टाचांना फोड आले, खांदे सोलले. रात्री एका ओळीत अनोळखी माणसं झोपलेली आणि प्रत्येकाच्या घोरण्याची तऱ्हा वेगळी. मग हळूहळू पाय मुकाट्यानं चालू लागले. एक गोष्ट मात्र खटकत होती. दुपारी डबे उघडायच्या सुमाराला भाऊजी हमखास कुठल्या तरी खडकामागे गायब व्हायचे. मला वाटायचं, पोट बिघडलंय. एकदा मी ताईला म्हटलंसुद्धा, "अगं, त्यांना भात दे जरा." ती एवढी खेकसली की मी पुन्हा विषय काढला नाही.

पाचव्या दिवशी खिंड चढायची होती. माझी सॅक सगळ्यांत हलकी, कारण निम्मं सामान ताईनं आपल्या सॅकमध्ये ढकललं होतं. त्यामुळे मी पुढे. मध्ये भाऊजी. ताई टाचेला पट्टी लावायला थांबली होती, म्हणून मागे. खिंडीत पोचल्यावर मी एका दगडावर ऐसपैस बसले आणि जेवायची वाट बघू लागले. बऱ्याच वेळानं ताई वर आली. पाठीवर एक सॅक, पोटावर दुसरी, तोंड लालबुंद.

"कुठायत गं तुझे भाऊजी?" तिनं धापा टाकत विचारलं.

"मला काय विचारतेस? मागे असतील."

"मागे कसे? खाली त्या कातळाच्या वळणावर सॅक टेकवून पुढे वाट बघायला गेले ना! म्हटलं, परत खाली कशाला यायला लावा, मीच घेऊन आले."

"माझ्यापुढून इथं चिटपाखरूही गेलेलं नाही," मी म्हटलं आणि मला हसू फुटलं. "ताई, त्या काकूंनी काय सांगितलं होतं? तो बिचारा माणूस झुडपामागे बसला असेल आणि तू त्याची सॅक पळवून आणलीस!"

ताई हसली नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं पोटावरची सॅक उघडली, आत हात घालून चाचपलं आणि मटकन खाली बसली.

"सुईची पिशवी यात नाहीये. म्हणजे ती घेऊन गेलेत. सुई घेतली असणार त्यांनी."

"कसली सुई?"

मग तिनं सांगितलं. तुटक तुटक, रडकुंडीला येऊन, पण सगळं. भाऊजींचं जेवण त्या सॅकमध्ये होतं. साखर उतरली तर चघळायच्या गोड गोळ्याही त्याच सॅकच्या कप्प्यात. सुई पोटात गेलेली, आणि खायला अन्नाचा कणही नाही. मला तिचा इतका राग आला की कानशिलं तापली. एवढी वर्षं बहिणीला सांगायला काय झालं होतं? पण भांडायला वेळ नव्हता. आमच्या दोघींच्या सॅक तिथंच टाकून, भाऊजींची घेऊन आम्ही उतरणीला लागलो.

जी वाट चढताना मी देवाचं नाव घेत चढले होते, ती उतरताना पायाखाली कशी गेली ते आठवत नाही. ताई पुढे. दर वळणावर "अहो! अहो!" अशी हाक. शाळेच्या बसमध्ये कमावलेला आवाज, सगळा डोंगर दणाणला. वर येणारे दोन परके गृहस्थ दचकून थांबले आणि त्यांतल्या एकानं "काय झालं?" असं अपराधी चेहऱ्यानं विचारलं. एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कातळाखाली पडलेले भाऊजी होते, आणि त्या देहाला उचलायचं कसं हा विचार.

कातळाचं वळण आलं आणि आधी आवाज ऐकू आला.

"…नाही हो, कुणीतरी चोरली! इतक्या उंचावर येऊन चोऱ्या करतात लोक!"

भाऊजी कातळाला टेकून बसले होते. शर्ट घामानं चिंब, चेहरा अजून पांढुरका, पण हातात भलामोठा जॅम लावलेला पाव. दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या बायका, हातात चालायच्या काठ्या, एकीच्या मांडीवर मनुकांची पुडी. माझा जीव भांड्यात पडला. मी वाटेतच फतकल मारली.

"ही बघा चोर!" मी ताईकडे बोट दाखवून ओरडले. काहीतरी ओरडल्याशिवाय राहवत नव्हतं.

त्यांतली एक बाई म्हणाली, "अहो, यांनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं झालं. आम्ही पुढे चाललोच होतो. यांनी हाक मारली आणि म्हणाले, बाई, मला मधुमेह आहे, सुई घेऊन बसलोय, आणि माझं जेवण गेलंय. काही गोड असेल तर द्या."

ताई एकदम थांबली. "यांनी सांगितलं? स्वतःच्या तोंडानं?"

"मग काय, मरायचं होतं का इथं?" भाऊजी पुटपुटले. "आधी वाटलं, थोडं थांबावं, तू येशील. मग हात कापायला लागले. म्हटलं, आता लाज बाळगण्यात अर्थ नाही."

ताई मोठ्यानं रडायला लागली. बसमध्ये जी मुलांच्या उलट्या, भांडणं, फुटलेली डोकी हसत निस्तरते, ती वाटेच्या मधोमध उभी राहून लहान पोरीसारखी रडत होती.

"सापडले ना आता? मग रडतेस कशाला?" मी तिला जवळ घेत म्हटलं.

"मला आता खोटं बोलावं लागणार नाही गं," ती म्हणाली. मग भाऊजींकडे वळली. "तुमच्या थोरल्या भावाकडे जेवायला उशीर झाला म्हणून मी तुम्हाला भरल्या घरातून उठवून आणलं होतं. सुई घेऊन बसला होतात, आणि ताटं काही वाढली जात नव्हती. सगळ्यांना वाटलं, मला त्यांच्याकडचं अन्न गोड लागत नाही. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाहीत. मी गप्प बसले. शपथ होती ना तुमची!"

भाऊजींचा पाव तोंडाशीच राहिला. हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

त्या दिवशी आम्ही सावकाश चढलो. त्या दोघी सोबत होत्या. भाऊजींनी कुणालाही आपली सॅक उचलू दिली नाही, आणि खरं सांगायचं तर ताईनंही हात पुढे केला नाही. मुक्कामाला पोचल्यावर लांब टेबलावर वीसेक माणसं जेवायला बसली. भाऊजींनी सगळ्यांदेखत शर्ट वर केला, सुई घेतली आणि शेजाऱ्याला म्हणाले, "तो पाव जरा इकडे सरकवा. माझी सुई झालीय." शेजाऱ्यानं पाव सरकवला. इतकंच. कुणी भुवईसुद्धा उंचावली नाही.

जेवण झाल्यावर भाऊजी भिंतीवरच्या फोनपाशी गेले. ताई बाजूलाच उभी राहून सूपचा दुसरा वाडगा पीत होती. "दादा," ते फोनवर म्हणाले, "त्या दिवशी तुझ्याकडून उठून आलो ना, ते हिच्यामुळे नाही. माझ्यामुळे." मग त्यांनी थेट, न अडखळता, सगळं सांगितलं. नंतर त्यांनी फोन ताईपुढे धरला. "तुला दे म्हणतोय."

ताईनं वाडगा माझ्या हातात कोंबला, ओला हात कपड्याला पुसला आणि फोन घेतला. ती नुसती ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचा, बसमधला.

"असू द्या हो, दादा," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"