बारकं पिस्तूल

भागीअक्का कुणाच्याही घरी गेली की आधी दार बघायची, मग भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसायची. चहाचा कप डाव्या हातात, उजवा हात पदराखाली. नव्या माणसाला वाटायचं, बाईच्या पोटात दुखतंय. मला खरं कारण ठाऊक होतं, कारण तिच्या परकराला आतून जाड कापडाचा कप्पा मीच शिवून दिला होता. त्या कप्प्यात पिस्तूल असे.

मी रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात शिवणकाम करते आणि अक्का माझी सख्खी शेजारीण. रोह्यात तिच्या नवऱ्याची भंगाराची वखार होती. कंपन्यांमधलं लोखंड उचलायचं म्हणजे वैर आलंच. एका टोळीने त्याला ठेका सोड म्हणून सांगितलं, त्याने सोडला नाही. वखारीच्या फाटकातच भर दुपारी कोयत्यांनी तोडला हो त्याला! मान, खांदा, आडवा केलेला हात. तुटलेली बोटं अक्काने स्वतः मातीतून वेचली आणि रुमालात बांधून दवाखान्यात नेली, डॉक्टर जोडतील म्हणून. तोवर माणूसच गेला होता.

तेरावं झालं आणि ही बाई वखारीत जाऊन बसली. टोळीचा निरोप आला की आता तुझी पाळी. माझं डोकंच फिरलं. वखार विक आणि पेणला माझ्या माहेराशेजारी घर घे, म्हणून मी तिच्याशी कचाकचा भांडले. ती एवढंच म्हणाली, "विकली तर त्यांनाच विकायला लागंल. त्याच्या रक्तावर त्यांचा धंदा चालू देऊ काय?"

खेटे घालून घालून तिने पिस्तुलाचा परवाना मिळवला आणि मुंबईच्या दुकानात मला सोबत घेऊन गेली. दुकानदाराने काळंभोर, मोठं पिस्तूल पुढे ठेवलं. हे नुसतं दिसलं तरी समोरचा गार पडतो, असं त्याचं म्हणणं. अक्काने ते कमरेला खोचलं आणि तिथेच फरशीवर मांडी घातली. मग उठून केर काढल्यासारखी वाकली. साडीतून दस्ता वर आला, बरगडीत रुतला. दुकानातली माणसं तोंडं फिरवून हसत होती, हिला त्याचं काही नाही. एकेक पिस्तूल लावून ती उठबस करत राहिली. शेवटी तळहातात मावेल असं एक चपटं, बारकं पिस्तूल तिला पटलं. दुकानदार पुन्हा मोठ्याकडे वळला, तेव्हा तिने त्याला गप्प केलं. "कपाटातलं पिस्तूल कपाटाला राखंल. मला आंगावर पायजे, रोज."

परतीच्या एसटीत मात्र तिने माझ्या कानाशी लागून दुसरं कारण सांगितलं. "बारकं हाय गो. लागलं तरी माणूस मरायचा नाय. मला कुणाला मारायचं नाय, लांब ठेवायचंय फक्त." मला ते अगदी पटलं. सुई लहान तर टोचणीही लहान, एवढीच माझी अक्कल.

पुढे एकदा मी तिचे ब्लाउज द्यायला वखारीत गेले होते. दोन मोटारसायकली धडाधड आत शिरल्या. वखारीच्या टेम्पोचा ड्रायव्हर त्यांना आडवा गेला, त्याच्या दंडावर कोयता बसला आणि आतलं हाड पांढरं दिसलं. मी पत्र्यांच्या ढिगाआड जाऊन पडले. त्यांच्यातलं विशीतलं एक पोर कोयता घेऊन थेट अक्कावर गेलं. तिने पिस्तूल काढलं.

"थांब, बाबा. म्होरं येव नको."

त्याने तिच्या मुठीकडे बघितलं आणि मेला हसला! "जत्रेतनं आणलास काय, म्हातारे?" म्हणाला आणि कोयता उगारून पुढे आला. तिने खाली, मांडीवर गोळी मारली. रक्ताची चिळकांडी उडाली, थांबेचना. बाकीचे त्याला तिथेच टाकून पळाले. अक्काने पिस्तूल फेकलं, पदराचा बोळा जखमेत कोंबला, गुडघ्याने दाबून धरला आणि गाडी आणा म्हणून ओरडत राहिली. ते पोर "मावशी, पाणी" म्हणत होतं. मी पाणी घेऊन पोचेपर्यंत त्याची मान कलली.

कोर्टाने तिला सोडलं. स्वतःचा जीव वाचवायला मारलं, गुन्हा नाही. टोळीने पुन्हा वखारीकडे बघितलं नाही. बाजारात लोक तिला वाघीण म्हणायला लागले. एकाने तोंडावर म्हटलं तेव्हा ती रस्त्यातच थुंकली. पोलिसांनी जप्त केलेलं पिस्तूल तिने परत मागितलं नाही. वखार टोळीला न देता एका लांबच्या माणसाला विकली आणि शेवटी पेणलाच राहायला गेली.

तिथे दवाखान्यात ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी पाय चेपत बसले होते. तू नसतं मारलंस तर त्याने तुला मारलं असतं, असं मी तिला परत एकदा समजावत होते. तिने माझा हात धरून थांबवला.

"मी बारकं घेतलं, म्हून तो भ्याला नाय," ती म्हणाली. "मोठं असतं तर लांबनंच बघून पळाला असता गो. जगला असता."