भट्टीचा वाटा

तात्यांच्या बेकरीत वजनकाटा होता, पण तो तात्यांसाठी नव्हता. ज्यांचा तात्यांच्या हातावर विश्वास नव्हता, अशा गिऱ्हाइकांची समजूत घालायला तो ठेवला होता. अडतीस वर्षं तात्या मळलेल्या पिठाच्या ढिगातून गोळे तोडत आले. उजव्या हाताने तोडायचा, तळव्यावर एकदा उडवायचा, "चारशेचा" म्हणायचं आणि लाकडी ओट्यावर टाकायचा. भाजून निघालेला पाव कुणी संशयाने काट्यावर ठेवलाच, तर काटा निमूटपणे चारशे दाखवायचा. "हाताच्या काकणाला आरसा कशाला?" असं म्हणून तात्या तिथेच उभे राहायचे, समोरचा मान डोलावेपर्यंत. गर्व होता, नाही असं नाही. पण रोज खरा ठरणाऱ्या गर्वाला लोक कसब म्हणतात, आणि तात्यांना तो शब्द ऐकायला आवडायचा.

मुलगा तीन वर्षं एका यंत्राचं टुमणं लावून बसला होता. पीठ वरून टाका, सारख्या वजनाचे गोळे खालून बाहेर. तात्यांनी त्याला सगळ्या कामगारांसमोर ठणकावून सांगितलं होतं, "ज्या दिवशी माझा हात चुकेल त्या दिवशी आण तुझं यंत्र. मी आपणहून घरी बसेन." तात्या शब्दाचे पक्के होते. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून यंत्राचा विषय तिथेच मिटला.

मग छातीत दुखलं, दवाखाना झाला, आणि त्याच उजव्या मनगटातून डॉक्टरांनी बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेऊन तुंबलेल्या वाहिनीत स्टेंट बसवला. तिसऱ्या दिवशी तात्या घरी आले ते तक्रारी करतच. सहा आठवडे बेकरीत जायचं नाही. मीठ कमी, लोणी बंद. आहार ठरवून देणाऱ्या बाईंनी कागदावर लिहिलं होतं: रोज तीस ग्रॅम सुका मेवा, बदाम, अक्रोड आणि थोडे मनुके, खारवलेला नको, तळलेला नको. "तीस म्हणजे तीसच हं, काका," बाई म्हणाल्या होत्या. "चांगलं असतं म्हणून बरणी रिकामी करायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने स्वयंपाकघराच्या टेबलावर मेव्याचा डबा ठेवला, आणि शेजारी तळहाताएवढा नवा काटा. तात्यांनी त्या काट्याकडे असं पाहिलं, की जणू घरात दुसरा बेकरीवाला आणून बसवला होता.

"माझा हात असताना हे कशाला?"

"मग दाखवा की तुमचा हात," बायको म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तात्यांनी डब्यात हात घातला, बदाम-अक्रोड-मनुके तळव्यावर घेतले, एकदा उडवले, "तीस" म्हणाले आणि काट्यावर ओतले. काट्याने पस्तीस दाखवले.

"काटा बिघडलाय," तात्या म्हणाले. बायकोने अर्धा किलो साखरेचं बंद पाकीट काट्यावर ठेवलं. बरोबर भरलं. मग तिने वरचे चार बदाम उचलून डब्यात टाकले आणि कपाटाजवळच्या कॅलेंडरवर पस्तीस लिहिलं.

त्या दिवशी तात्यांना मेवा गोड लागला नाही. बदाम चावताना त्यांचं लक्ष मनगटावरच्या निळ्या डागाकडे होतं. दुसऱ्या दिवशी चौतीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा पस्तीस. त्यांनी डोळे मिटून पाहिलं, हात कोमट पाण्याने धुऊन पाहिला, बायको अंघोळीला गेली असताना चोरून तीन वेळा पाहिलं. तीस काही येईना. ऑपरेशनच्या टेबलावर तात्या घाबरले नव्हते. तिथे जे काय व्हायचं ते डॉक्टरांच्या हातून होणार होतं. आता मात्र ते मनापासून घाबरले. हृदय दुरुस्त झालं आणि हात गेला, तर त्या दुरुस्त हृदयाचं करायचं काय?

आठव्या दिवशी दुपारी मुलगा आला. भुवयांवर पीठ, बोटाला चटका लागलेला. तात्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं.

"ते यंत्र मागव."

मुलगा गडबडला. "बाबा, आत्ता हे कशाला? आधी बरे तर व्हा."

"बरा आहे मी. हात चुकतोय. मी शब्द दिला होता."

तीन वर्षं मागितलेली गोष्ट आपसूक मिळाली, तरी मुलाच्या तोंडावर आनंद दिसेना. तो आईकडे बघू लागला. आई भाजी निवडत होती. तिने सुरी बाजूला ठेवली, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि नवऱ्यासमोर ठेवलं.

"वाचा."

तात्यांनी चष्मा लावला. पस्तीस, चौतीस, पस्तीस, पस्तीस, चौतीस, चौतीस, पस्तीस, पस्तीस.

"वाचलं. आठही दिवस चुकलो."

"हात गेला असता तर एक दिवस पंचवीस आले असते, एक दिवस चाळीस. इतकं नेमानं कुणी चुकतं का?" ती म्हणाली. "मला एक सांगा. चारशेच्या पावाला कच्चं पीठ किती घेता?"

"चारशे साठ."

"वरचे साठ कशाला?"

"कशाला म्हणजे? भाजताना पाणी उडतं. तो भट्टीचा वाटा. शंभराला पंधरा..."

तात्या बोलता बोलता थांबले. ओठांतल्या ओठांत हिशेब झाला. शंभराला पंधरा, तर तिसाला साडेचार. अडतीस वर्षांत त्यांच्या हाताने भट्टीचा वाटा घातल्याशिवाय काही उचललंच नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की बदाम भाजायचे नाहीत.

मुलगा आधी हसला. मग तात्या हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलं नाही. "जित्याची खोड," बायको म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला बसली.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि तात्या बेकरीत गेले. कामगार कामं टाकून ओट्याभोवती जमले. तात्यांनी गोळा तोडला, उडवला, "चारशेचा" म्हणाले. तो भाजून निवेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मुलाने स्वतः पाव काट्यावर ठेवला. चारशे. यंत्राचा विषय पुन्हा मिटला.

दहाच्या सुमारास बायको मेव्याचा डबा घेऊन आली. तात्यांनी हात घातला, मेवा तळव्यावर उडवला. काट्याची गरज नव्हती. पस्तीस असणार हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्यातले चार बदाम वेगळे काढले. पण डब्यात टाकले नाहीत, तिचा हात ओढून तिच्या तळव्यावर ठेवले.

"हे काय?"

"भट्टीचा वाटा," तात्या म्हणाले. "अडतीस वर्षं भट्टीला न चुकता दिला. तुला द्यायचं कधी सुचलंच नाही."

तिने एक बदाम तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"उद्यापासून अक्रोड द्या," ती म्हणाली. "बदाम माझ्या दाढेला लागतात."