दोहा, आणि आमच्या घराण्याचं सतरावं पान

कतारला जायचं ठरलं ते एका अडलेल्या पानामुळे. आमच्या वसईच्या घराण्याची माहिती पुस्तकरूपाने छापायचं काकामंडळींनी ठरवलं आणि अक्षरजुळणी माझ्याकडे आली. मी अकरावीनंतर शिकलो नाही, पण छापखान्यात संगणकावर बसतो आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक मला सहन होत नाही. सोळा पानं झाली. सतरावं माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं, इनास आजोबांचं. आमच्या वाडीतून दोह्याला गेलेले ते पहिले. विशीत बोटीने गेले आणि तिथेच संसार केला. आता त्यांचा मुलगा थॉमसकाका नोकरी बदलून कॅनडाला निघाला होता. त्याच्या व्हिसावर राहणारे आजी-आजोबा पुढच्या महिन्यात कायमचे परत येणार होते.

"घर तिथे आहे तोवर बघून ये," बाबा म्हणाले. मग हळूच, "तिथे फिलोमिनाचं नाव काढू नकोस."

फिलोमिना आत्या इनास आजोबांची धाकटी मुलगी. सोळा वर्षांपूर्वी तिने पुण्यात एका हिंदू मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि आजोबांनी सांगून टाकलं, आपल्याला तीनच मुलं. पुस्तकाचा नियम असा की प्रत्येक पानाला त्या घरच्या कर्त्याची संमती हवी. आजोबा नाही म्हणाले तर आत्या पुस्तकात नाही. आणि असं पुस्तक पुन्हा कोण कधी छापणार? मसुद्यात मी तिचं नाव लिहिलं, कंसात घातलं, कंस काढला, परत घातला. तसाच कागद घेऊन निघालो.

मुंबईहून विमान साधारण चार तासांचं. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी स्वतः तपासा. मी अकरा वेळा तपासले होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. विमानतळावरून थेट मेट्रो मिळते, दोन रियालचं तिकीट, आणि डबे इतके स्वच्छ की मी बॅग मांडीवर घेऊन बसलो. मला न्यायला काका स्टेशनवर आला होता. "यल्ला, चल, बस गाडीत! पासपोर्ट आहे ना?" असं त्याने हसत विचारलं. बाबांनी माझी कीर्ती आधीच पोचवली होती.

घर अल हिलाल भागात, दुसऱ्या मजल्यावरचा जुना फ्लॅट. भिंतीला लागून खोकी रचलेली. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ताठ, घरातही इस्त्रीचा शर्ट. संध्याकाळी सातला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, त्यात सूट नाही. प्रवासाने मला पेंग आली तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "झोपायला विमान होतं की."

दुसऱ्या दिवशी ते मला अल मुंतझाच्या जुन्या वस्तीत घेऊन गेले. इथे हिंडायचं तर पायी हिंडा. शिंप्यांची दुकानं, केरळी खानावळी, दोन-तीन रियालला करक चहा. करक म्हणजे आपलाच कडक. अरबी पाटीवर गेला आणि त्याचा 'ड' हरवला. एका चारमजली इमारतीसमोर आजोबा थांबले. तिच्या जागी पूर्वी बैठी खोली होती. एसी नव्हता, पाणी टँकरने यायचं. बंदरावरच्या गोदामात काम करून ते त्या खोलीत राहत. वाडीतला प्रत्येक नवा मुलगा आधी तिथेच उतरायचा. अटी तीन: दारू नाही, पत्ते नाहीत, सातला रोझरी.

"आणि जो पाळणार नाही तो?" मी विचारलं.

"खलास. बॅग दाराबाहेर."

"मुलं काही म्हणायची नाहीत?"

"म्हणायची ना. पाठीमागे मला बिशप म्हणायची." ते पहिल्यांदा हसले. "पण आजारी पडली की बिशपच पेज करून द्यायचा."

ते बराच वेळ त्या इमारतीकडे बघत राहिले. दारात कुणाच्या तरी लहान मुलांच्या चपला होत्या. मला वाटलं, इतकी वर्षं राहून इथे त्यांच्या नावाचं काहीच नाही. जे काही राहील ते माझ्या पानावर.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून चर्चमधली मिसाही शुक्रवारी. शहराबाहेरच्या एकाच आवारात सगळ्या पंथांची चर्चेस आहेत. आत जाताना तपासणी होते, मोठी बॅग नेऊ नका आणि अर्धा तास आधी पोचा. आजोबांना तिथे कितीजण भेटायला येत होते! बहुतेकांचे केस पांढरे. एकजण माझ्या कानाशी लागला, "मला यांनी दोनदा हाकललं होतं. दोन्हीदा परत घेतलं."

जेवायला आजीने हमूरचं कालवण केलं होतं. हमूर म्हणजे आपला गोबरा, सुरमईपेक्षा मऊ. जेवता जेवता आजोबा म्हणाले, "वाच तुझं पान."

मी उभा राहून वाचू लागलो. बोट, गोदाम, लग्न. "अपत्ये: थॉमस, रीटा, लुईस." आणि थांबलो. त्यांनी कागद मागितला. चष्मा नाकावर सरकवून एकेका ओळीवरून बोट फिरवलं. बोट थांबलं.

"हे काय आहे?"

"कंस," मी म्हणालो.

"कंस मला कळतो. माणूस कधी कंसात घालतात काय?"

आजीच्या हातातला डाव तसाच राहिला. काका म्हणाला, "डॅडी, तो काढून टाकेल…"

"कंस काढ. अपत्ये चार. आणि खाली तिची मुलं लिही. आर्या, आठवीत. निनाद, चौथीत. त्याला दूध चालत नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" आजीने विचारलं.

"तू स्वयंपाकघरातून फोनवर कुजबुजतेस तेव्हा मी टीव्हीचा आवाज कमी का करतो?"

"मला वाटलं, रागाने करता."

आजोबा माझ्याकडे वळले. मला म्हणाले, "लग्न कोर्टात, असंच लिही. चर्चमध्ये झालं असं खोटं छापायचं नाही." आणि कागदाखाली सही केली.

शनिवारी परतीच्या विमानाआधी काकाने अल वकराचा किनारा दाखवला. जुनी लाकडी गलबतं, स्वस्त नाश्ता, मुलांना खेळायला उथळ पाणी; अर्धा दिवस हाताशी असेल तर नक्की जा. मी खरं सांगायचं तर फार पाहिलं नाही. सही केलेला कागद खिशात आहे ना, हेच चाचपत होतो.

वसईत परतल्यावर सवयीप्रमाणे मी पान तपासायला घेतलं आणि पुण्याला आत्याला फोन केला. नावं वाचून दाखवली. मग आजोबा स्वतः काय काय म्हणाले तेही सांगितलं, मुलांच्या इयत्तांसकट आणि दुधासकट.

"दुधाचंही माहीत आहे त्यांना?" तिने विचारलं.

"हो."

"एक चूक आहे पण," ती म्हणाली. "निनाद जूनमध्ये पाचवीत गेला. त्यांना सांग."

आमच्या पुस्तकात कुणाचीच इयत्ता छापलेली नाही. तरी मी लगेच दोह्याला फोन लावला आणि आजोबांकडून चूक दुरुस्त करून घेतली.