बुटकी आणि तहसीलदार

कुठला ससा केवढा, असं विचारलं की बयनाबाई वजनकाट्याकडे वळत नसे. पट्टेरी डच ओच्यात मावतो, पांढरा न्यूझीलंड मांडीभर होतो आणि राखी जायंट कुठंच मावत नाही, त्याला दोन्ही हातांनी कवेत घ्यावं लागतं, एवढा तिचा सरळ हिशेब. गिऱ्हाईक हसायचं. मग ती डच आणि जायंट शेजारी शेजारी बसवून दाखवी आणि हसणारा गप्प व्हायचा, कारण दोन्ही ससेच आहेत यावर त्याचा विश्वास बसत नसे.

आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूरकडच्या, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटलेल्या गावात तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, चंपतरावांचा, भाजीचा मळा होता. मुळ्याचा, गाजराचा पाला रोज उरायचा. त्याच्या जोरावर तिनं माहेराकडून सशांची पहिली जोडी आणली आणि बघता बघता परसात पिंजऱ्यांची ओळ लागली. कपाशीच्या गावात ससे पाळणारी बाई म्हटल्यावर लोकांनी टिंगल करून घेतली. तिनं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. ती स्वतः चणीनं एवढीशी होती. धिप्पाड चंपतरावांच्या शेजारी उभी राहिली तर त्यांच्या खांद्यालाही लागत नसे.

तिच्या जायंट नराचं नाव तहसीलदार. तो दिवसभर एका जागी बसून असे आणि कुणी काही पुढ्यात आणून ठेवल्याशिवाय हलत नसे, म्हणून. लाडकी मात्र बुटकी, काळीपांढरी डच मादी. ती बयनाबाईच्या पावलांचा आवाज ओळखायची.

घोळ झाला तो धाकट्या दिरामुळे. डोमाजीला बैलांची पारख होती. बाजारात कुणाला जोडी घ्यायची असली की याला सोबत नेत आणि हा खांदा, वशिंड, खूर बघून निकाल देई. भाद्रपदात, गणपती बसले त्या आठवड्यात, तो पिंजऱ्यांपुढे उभा राहून म्हणाला, "वयनी, वळू मोठा असला म्हंजे वासरू मोठं होते. तहसीलदार रिकामाच बसून राह्यला. त्याले बुटकीपाशी सोडा ना."

लोकांना मोठे ससे हवे असत आणि जायंटची मादी तर उन्हाळ्यात मेली होती. बयनाबाईला बोलणं पटलं. गाईबैलांत वाढलेल्या माणसाला ते पटणारच. बुटकीच्या कमरेची रुंदी मात्र कुणाच्या मनात आली नाही, आणि जिच्या मनात सगळ्यात आधी यायला हवी होती तिच्याही आली नाही.

दसऱ्याच्या सकाळी बुटकीनं पोटाचे केस उपटून खोक्यात गादी केली आणि कळा द्यायला लागली. दुपार झाली तरी काही सुटेना. कान गार पडत चालले, श्वास भाता चालल्यासारखा. बयनाबाईनं हात लावून पाहिला. पिल्लू अडकलं होतं. बुटकी हातची जाणार, हे तिला कळून चुकलं.

तिनं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. नेमके त्याच दिवशी आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे होत होते, मंडलंही, म्हणजे तिकडचे तालुके, नवी निघाली होती. डॉक्टर हिंदीत म्हणाला, "अम्मा, आपका गाँव आज से हमारे पास नहीं है. नये मंडल में पूछो." चंपतराव गाडी काढून नव्या मंडलाला गेले.

डोमाजी ओसरीवर घाम पुसत बसला. बोटांत अंगठी शिरत नाही असले त्याचे हात, त्यांचा इथं काय उपयोग! बयनाबाई बुटकीला ओच्यात घेऊन भुईवर बसली होती. बोटाला खोबरेल लावून ती चाचपत होती आणि मनात स्वतःला शिव्या घालत होती. कारण हे सगळं तिनं आधी भोगलेलं होतं.

तीस वर्षांपूर्वी ती सून होऊन या घरात आली तेव्हा सासू गावभर सांगत सुटली होती, माझा लेक धिप्पाड आहे, नातू पैलवान होईल. पहिलटकरणीच्या कळा आटपेनात, तेव्हा तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेली. नर्सबाईनं विचारलं, आता आधी कुणाचं बघू? सासू म्हणाली, "लेकराचं पाहा." चंपतराव शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. बयनाबाईनं ते ऐकलं आणि तिची शुद्ध गेली. जागी झाली तेव्हा लेकराला मातीही देऊन झाली होती. पुन्हा तिची कूस उजवली नाही. लेकराचं तोंड तिनं पाहिलं नाही, आणि पुढं कधी कुणी त्याचा विषयही काढला नाही.

बोटाला पिल्लाचा पाय लागला. तो हलला.

"जितं हाय भाऊजी," ती म्हणाली.

डोमाजी वाकला. "मंग ओढा ना. झटक्यानं ओढलं तं निंगन."

"फाटन हे बुटकी."

"अन् हळूहळू करसान तं पिल्लू मरन. आता पिल्लू का ससी, काय ते ठरवा, वयनी."

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. चंपतराव एकटेच आत आले. "डाक्टर नाय तिथं. फीत कापून राह्यले नुसते." ते ओसरीच्या खांबाशी थांबले. डोमाजीचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. "ससीले वाचव, बयना. आदी ससी. पिल्लाचं मंग पाहू."

बयनाबाईनं मान वर केली नाही. तिला संताप आला, असा की हातातलं सगळं टाकून उठावं. मग रडू आलं. मग तिनं डोळे खांद्याला पुसले आणि पुन्हा तेल घेतलं. कळ आली की थोडं, कळ गेली की थांबायचं. मधेच तो पाय हलायचा बंद झाला. तिला कळलं, पण तिनं घाई केली नाही.

पिल्लू बाहेर आलं ते निपचित. त्याच्या मागून दोन आली, लहान, गुलाबी, वळवळणारी. बुटकीनं मान उचलली आणि त्यांना चाटायला लागली. डोमाजी गोठ्याकडे निघून गेला.

मेलेलं पिल्लू बयनाबाईनं नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. तिच्या बोटांना एवढं मोठं लागलेलं ते, त्या हातावर इवलंसं दिसत होतं. चंपतराव त्याच्याकडे बघत राहिले.

"आपलं केवढं होतं वो?" तिनं विचारलं.

त्यांनी पिल्लू फडक्यावर ठेवलं. दोन्ही हात पुढे धरले, मधे अंतर ठेवून. थोडा विचार केला आणि हात अजून जरा लांब नेले.

"एवढं."

तिनं त्या दोन हातांमधली जागा नीट पाहून घेतली.

"मांडीभर होतं मंग," ती म्हणाली.